सुटलेली खोली

“सुंदर, दिवा लावाना येळले धूप चुकू देजो नको. बठ्ठा घरमा फिराडजो. एक खोली बी सुटनी ना, तं तठेच येस ती.”

ताईबाईंना जाऊन सतरा वर्षं झाली, तरी सासूचा हा आवाज सुंदरबाईंच्या कानातून गेला नव्हता. ‘ती’ म्हणजे कोण, हे ताईबाईंनी कधी फोडून सांगितलं नाही आणि सुनेने कधी विचारलं नाही. नवी नवरी असताना हातात घेतलेलं पितळी धुपाटणं एक्केचाळीस वर्षं हातातच राहिलं. नवऱ्याच्या, म्हणजे नानांच्या, बदल्या झाल्या, तिथे तिथे ते ट्रंकेतून गेलं. बाळंतपणात शेजारणीने धूप घातला. मंगळवारचा उपास, गुरुवारची पोथी, यांत आजारपणाने कधी खंड पडला असेल. धुपाला पडला नाही.

आणि काल, कानबाई देवीच्या सणाच्या दिवशी, घरातली एक खोली सुटणार होती. ती सुटू नये म्हणून सुंदरबाईंनी जे केलं, ते या घडीला त्या आणि थोरली जाऊ यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

सोमवारची दुपार कलली होती. सकाळी पांझरा नदीवर कानबाईला निरोप देऊन मंडळी देवपूरच्या घरी परतली होती. रिकाम्या चौरंगावर हळदीकुंकू सांडलेलं, केळीचे खांब मान टाकून उभे. सणासाठी भिंतींना दिलेल्या रंगाचा वास अजून घरात होता. स्वयंपाकघरात पंगत बसली होती, पण घास कुणाचाच उतरत नव्हता. आठ वर्षांची नात दिपू कालपासून दवाखान्यात होती. तोंडाला वाफेचा मास्क, मनगटाला सलाईन, आणि उशाशी तिची आई सारिका.

“सारिकाने कालपासून पोटात काही घेतलेलं नाही,” नाना पानाकडे बघतच म्हणाले. “अमृत, जाताना डब्यात दोन पुरणपोळ्या घेऊन जा तिला.”

“रोटनं जेवन उंबराबाहेर जात नही, सुकदेव,” इंदिराबाईंनी वाढता वाढता हात आखडता घेतला. “तिले भूक लागी तं यी ती घर.”

इंदिराबाई म्हणजे थोरली जाऊ. ती आणि तिचे यजमान चुडामण आबा, नानांचे म्हणजे सुकदेवचे थोरले भाऊ, शनिवारीच नशिराबादकडच्या गावाहून येऊन उतरले होते. रोट, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं जेवण, दरवर्षी गावीच व्हायचे, पण यंदा कानबाईची पाळी धाकट्याच्या घरी आली होती. घर देवपूरचं असलं तरी सणापुरतं राज्य थोरलीचं, हे सगळ्यांनी न बोलता मान्य केलेलं होतं.

नानांनी पोळीचा तुकडा मोडला. एसटीत तीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढलेल्या या माणसाने घरात कधी शिट्टी वाजवली नाही.

मुलगा अमृत तासाभरापूर्वीच दवाखान्यातून आला होता. डोळे तांबारलेले, शर्ट कालचाच. “डॉक्टरीणबाई एकच गोष्ट परत परत विचारतायत,” तो म्हणाला. “खोलीत काय होतं? काल सकाळी तपासलं तेव्हा छाती साफ होती. मग संध्याकाळी बंद खोलीत झोपलेल्या पोरीला एवढा अटॅक येतोच कसा?”

सुंदरबाईंनी आमटीची वाटी पुढे सारली. हात वाटी गरम असल्यासारखा मागे घेतला.

फ्रिजवर सारिकाच्या अक्षरातली यादी चिकटवलेली होती. चैत्रात दिपूचं दुखणं दमा म्हणून पक्कं ठरलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिने घरी येऊन उतरवून काढलं होतं. घरातल्या कुठल्या कुठल्या गोष्टीने पोरीचा श्वास अडतो, ते सगळं. चार महिन्यांत तिने त्यातली एकेक गोष्ट घरातून काढली होती. ताईबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या गेल्या. गॅलरीतल्या कबुतरांना जाळी लागली. कपाटामागची ओल खरवडून निघाली. झाडू जाऊन ओलं फडकं आलं, उशा उन्हात, चादरी कढत पाण्यात. रंगाचं काम चाललं तेव्हा ती पोरीला घेऊन आठ दिवस पाचोऱ्याला माहेरी राहिली, आणि त्यावरून इंदिराबाईंनी फोनवर, “सणना कामले सून पयाली गई,” असं सगळ्या भावकीत करून ठेवलं. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे पेनाची खूण होती. सगळ्यात वरच्या ओळीपुढे नव्हती. तिथे लिहिलं होतं: धूर. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, सगळा. आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात: आईंशी बोलायचं.

ती बोलली होती. भांडली नव्हती, बोललीच होती. शेवटी ठरलं ते असं, की धूप घरभर फिरेल, पण दिपूच्या मागच्या खोलीत जाणार नाही. त्या वेळी खोलीचं दार लावायचं, फटीला ओला टॉवेल. दिपू आजीच्या मांडीवर बसून हे ऐकत होती. “आजी, नक्की ना? मग मी त्या खोलीत राजासारखी राहीन.” सुंदरबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. “तुझ्या खोलीत धूर येणार नाही. कानबाईची आण.”

आण पोरीसाठी घेतली, तिला चार महिने झाले नव्हते.

काल दिवेलागणीला कानबाई चौरंगावर बसली. नारळाला नथ, डोरलं, हिरवा घागरा. बायका गाणी म्हणत होत्या, सारिका स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होती. दिपू दिवसभर बागडून दमून आपल्या खोलीत जाऊन निजली होती. सुंदरबाई धुपाटणं घेऊन घरभर फिरल्या आणि मागच्या दाराशी येऊन थांबल्या. तिथे इंदिराबाई उभ्याच होत्या.

“हाई खोली?”

“इथे नाही नेत, बाई. दिपूला त्रास होतो.”

“कानबाई बठ्ठा घरमा फिरस. तिले तू सांगस का, आठे येऊ नको म्हनी?” इंदिराबाईंचा आवाज चढला नव्हता, उतरला होता. “ताईबाई मन्ही सासू व्हती म्हनीसनच मी बोलत नही. पन एक खोली सुटनी तं काय व्हस, हाई तिनी तुलेबी सांगेल शे.”

बस, एवढंच. कुणी ढकललं नाही, कुणी हात धरला नाही. सुंदरबाईंनी पायाने ओला टॉवेल बाजूला केला, दार उघडलं, पलंगाभोवती एक फेरा घातला. एकच. वर चिमूटभर गुग्गुळ जास्त टाकला, पोरीच्या छातीला बरं पडेल म्हणून. धूर बाहेर जाऊन वाया जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं. अर्ध्या तासाने सारिका दिपूला जेवायला उठवायला गेली, तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते.

“रंगानंच झालं असेल,” आता नाना म्हणत होते. “वास आहे की अजून.”

“रंग? काल दुपारले बर्फना गोया खादा तिनी, तो कोनी दिना?” इंदिराबाई म्हणाल्या. “आन तो पंप. रोज उठीसन तोंडमा पंप. आम्हना येळले कोठे व्हतात पंप न् फिंप? नही वाढनात का पोरे? सवय लाई दिनी पोरले. छाती कमजोर करी टाकी.”

“काल सकाळी पंप दिला होता का, हेच मला कळत नाहीये,” अमृत म्हणाला. “सणाच्या गडबडीत सारिका विसरली असणार. मी विचारलं तर नुसती बघत राहिली माझ्याकडे.”

“बघी ऱ्हाई,” इंदिराबाईंनी हुंकार दिला. “जिनी चूक ऱ्हास ती बोलत नही.”

सुंदरबाईंनी पदर डोक्यावर पुढे ओढला. समोर चुडामण आबा बसले होते. जेठाच्या, थोरल्या दिराच्या, पुढ्यात तोंड उघडायचं नाही, ही या घराची रीत. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी आबांशी एक शब्द थेट बोललेला नव्हता. काही सांगायचं तर भिंतीला सांगावं तसं, नाहीतर पोराच्या तोंडून. आज ती रीत त्यांना उबदार घोंगडीसारखी वाटली. बोलायचं नाही, म्हणजे बोलायला नको.

ओसरीतून चपलांचा आवाज आला. सारिका दारात उभी होती. केस विस्कटलेले, कालचीच पुरणाचे डाग पडलेली साडी. दिपूजवळ सारिकाचा भाऊ प्रेमराज पाचोऱ्याहून येऊन बसला होता.

“कशी आहे?” अमृत उठला.

“झोपलीय. उद्या सोडतील.” ती कुणाकडे न बघता आत गेली. मागच्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग बॅगेची चेन.

अमृत दाराशी गेला. “बॅग कशाला?”

“दवाखान्यातून मी तिला पाचोऱ्याला नेणार आहे.”

“किती दिवस?”

“दिवस मोजून नाही जात.”

“वा,” इंदिराबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. “पोरले पंप देवाले इसरनी ती इसरनी, वर घर सोडीसन चालनी.”

सारिका बाहेर आली. “काल सकाळी आठला पंप दिलाय मी, मोठ्या आई. चूळ भरायला लावलीय. पंपावर आकडा असतो, तो रोज एकाने उतरतो. बघायचा असेल तर दाखवते.” आवाज अगदी सपाट. “बर्फाचा गोळा तिने खाल्ला नाही, शेजारच्या रेहानच्या घरी सरबत प्यायली ती. रंग वाळून पंधरा दिवस झाले. अजून काही?”

अमृत म्हणाला, “मग झालं कशानं, ते तरी सांग.”

“ते मी नाही सांगणार.”

तेवढ्यात चुडामण आबांनी ताटात हात धुतला. अजून अर्धी पुरणपोळी तशीच होती. रोटाचं अन्न पानात टाकायचं नसतं, हे सगळ्या घराला शिकवलेला माणूस तो.

“माले याद शे,” ते म्हणाले. “सुक्या, तुले नही. तू रांगे तवय. आपली एक बहीन व्हती.”

नानांनी मान वर केली. “चिंधी? ती तर तापाने गेली ना?”

“ताप नही व्हता. धाप व्हती.”

आबा थांबून थांबून बोलत राहिले. चिंधी सहा वर्षांची, आबा दहाचे. आधीची दोन मुलं गेलेली, म्हणून नजर लागू नये असं नाव ठेवलेलं. रात्र झाली की तिची छाती वाजायची, भात्यासारखी. कुणीतरी मायला सांगितलं, घरात बाहेरचं फिरतंय, धूप घाल. तेव्हापासून या घराण्यात धूप सुरू झाला. त्याआधी नव्हता.

“माय तिना उशाशी धूप ठेये. धूप ठेवा का ती आखो उठी बसे. ती उठी बसनी का माय आखो गुग्गुळ टाके. मी दारमा उभा ऱ्हाऊ. माले दिसे, धूर वाढना का तिनी मान आखो ताने.” आबांनी धोतराने तोंड पुसलं. “मी दहा वरीसना. मायले कोन सांगी? चिंधी मरनी तवय माय काय बोलनी, माहीत शे? म्हने, धूप कमी पडना.”

स्वयंपाकघरात टोपातल्या आमटीवर पापुद्रा धरत होता. सुंदरबाईंच्या डोळ्यांपुढे ताईबाई उभ्या राहिल्या. शेवटच्या दुखण्यातही भिंतीला धरून खोली खोली मोजत फिरणाऱ्या. एक खोली बी सुटनी ना, तं तठेच येस ती. ‘ती’ इडापिडा असेल, हडळ असेल, असं त्या समजत आल्या होत्या. ‘ती’ म्हणजे चिंधीला नेणारी धाप होती. ताईबाई आयुष्यभर धुरात एका पोरीला राखत फिरल्या होत्या, जिला धुरानेच नेलं होतं.

“साठ-पासष्ट वरीसनी गोट आज काबर काढी तुम्ही?” इंदिराबाई नवऱ्यावर फिस्कारल्या. “त्या खोलीमा काल धूप नेलाच नही कोनी. दार बंद व्हतं. टावेल व्हता. मंग धूपले काबर दोस?”

असं म्हणून त्यांनी जावेकडे पाहिलं. ती नजर सुंदरबाईंना कळली. मी बोलणार नाही, तूही बोलू नको. चाळीस वर्षांत थोरलीने धाकटीला पहिल्यांदा काही देऊ केलं होतं, आणि ते हे होतं.

घ्यायला किती सोपं होतं. सारिका पाचोऱ्याला गेली असती, चार महिन्यांनी समजूत घालून आली असती. विसरभोळी सून, रंगाचा वास, ऋतू बदलला, देवाची मर्जी. अमृतने जन्मभर बायकोला तो पंप ऐकवला असता. आणि दिवेलागणीला धूप निघाला असता.

सुंदरबाई उठल्या. डोक्यावरचा पदर मागे सरला, तो त्यांनी सावरला नाही.

“आबा,” त्या म्हणाल्या. जेठाला मारलेली ही पहिली हाक त्यांची त्यांनाच परकी वाटली. “धूप मी नेला होता. टॉवेल मीच सरकवला. गुग्गुळ जास्त टाकला आणि दार ओढून घेतलं. पोरगी आत असताना.”

अमृत आईकडे वळला. मग हळूच म्हणाला, “आई, तू काल रात्रभर दवाखान्यात माझ्याशेजारी बसून जप करत होतीस.”

“हो.”

“मी सारिकाला बोलत होतो. तू ऐकत होतीस.”

“हो.”

नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. इंदिराबाई ताटं गोळा करू लागल्या, आवाज करत, एकावर एक.

सुंदरबाई सारिकाकडे वळल्या. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, पण सारिकानेच हात वर केला.

“मला माहीत आहे, आई. काल तिला उचललं तेव्हा तिच्या केसांना गुग्गुळाचा वास होता. मी कालपासून वाट बघत होते, तुम्ही कधी बोलताय.” ती खाली बसली आणि बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करू लागली. “आज सकाळी थोडा वेळ मास्क काढल्यावर दिपू काय म्हणाली, सांगू? ती झोपलेली नव्हती. तुम्ही आत आलात ते तिला दिसलं. तिने डोळे मिटून घेतले.”

“का?” हे अमृतने विचारलं.

“आजीने आण घेतली होती. आपण जागे आहोत हे कळलं तर आजीला लाज वाटेल, म्हणून. तुम्ही जाईपर्यंत श्वास धरून ठेवला म्हणाली. मग धरवेना.”

आबांनी डोळे मिटले होते.

“तुम्ही आत्ता बोललात, ते बरं केलंत,” सारिका उठत म्हणाली. “नसतं बोललात तर मी कधीच परत आले नसते. आता येईन की नाही, ते मला सांगता येत नाही. दवाखान्यात येऊ नका. ती तुम्हाला बघून पुन्हा डोळे मिटेल, आणि मला ते बघायचं नाही.”

अमृतने बॅग घेतली. उंबऱ्यापाशी सारिका क्षणभर थांबली, ताटातल्या पोळ्यांकडे तिची नजर गेली न गेली, आणि ती निघून गेली. सुंदरबाईंनी दोन पोळ्या फडक्यात बांधल्या. “बाई, आज रोट उंबऱ्याबाहेर जाईल,” एवढंच जावेला म्हणाल्या आणि धावत फाटकापर्यंत जाऊन त्या अमृतच्या हातात कोंबल्या. त्याने घेतल्या, पण आईच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दिवेलागण झाली. नानांनी देवापुढे दिवा लावला; असं ते कधी करत नसत. इंदिराबाईंनी सवयीने गोवरीचा तुकडा गॅसवर धरला. “आन ते धुपाटनं,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. दुसरं काय म्हणावं, ते त्यांना सुचत नव्हतं. “मायना वसा शे, सुंदर. एक चूक व्हई गई म्हनीसन वसा सोडतस का?”

सुंदरबाईंनी गॅस बंद केला.

त्या मागच्या खोलीत गेल्या. टॉवेल अजून कोपऱ्यात पडला होता, वाळून कडक झालेला. खिडकी सताड उघडली. उशीचा अभ्रा, चादर, पडदा, सगळं काढून कढत पाण्यात टाकलं. मग ओलं फडकं घेऊन पलंगाखालून, कपाटावरून, भिंतीवरून फिरल्या. वर छताशी, जिथे हात पुरत नव्हता तिथे, स्टूल घेऊन. काळसर डाग फडक्यावर येत राहिला. एक खोली झाली, दुसरी घेतली. आबा ओसरीवरून बघत होते. थोड्या वेळाने उठून त्यांनी पाण्याची बादली बदलून दिली.

फ्रिजपाशी त्या थांबल्या. पेन दोरीला लटकत होतं. वरच्या ओळीपुढे खूण करायला हात गेला आणि मागे आला. ती खूण सारिकाने करायची होती, आली तर.

देवघरात जाऊन त्यांनी धुपाटणं घेतलं. आतली राख तुळशीत न टाकता कागदात बांधली. या वेळेला ते असं गार त्यांच्या हाताला कधीच लागलं नव्हतं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ते गुंडाळलं. गोधड्या गेल्या तेव्हा ताईबाईंच्या हातचा तेवढाच तुकडा मागे राहिला होता. ताईबाईंना काही सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार. तुमची पोर धूप कमी पडल्याने गेली नाही, हे मेलेल्या आईला कुठल्या तोंडाने सांगायचं.

“कुठे निघालीस?” नानांनी विचारलं.

“नदीवर.”

“सकाळीच तर जाऊन आलो.”

“सकाळी कानबाईला सोडलं,” सुंदरबाई म्हणाल्या. “तिची घेतलेली आण पाळायची राहिली होती.”

त्यांनी चपला घातल्या. गल्लीतल्या घराघरांत दिवे लागले होते, कुठून कुठून उदबत्तीचा वास येत होता. गाठोडं पदराखाली धरून, कडेकडेने, त्या पांझरेच्या उताराला लागल्या.